परत फिरलेले जहाज

गेल्या सत्रात मी एमआय रूममध्ये सहा दिवस पडून होतो. का, ते लेखाच्या शेवटी सांगणार आहे, कारण ते सांगायला मला आजही जड जाते. तिथे वेळ जावा म्हणून ग्रंथालयाच्या मॅडमनी एक जुने इंग्रजी पुस्तक पाठवले. पुस्तकाचे नाव 'द क्रूझ ऑफ द स्नार्क', लेखक जॅक लंडन. आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव 'द कॉल ऑफ द वाइल्ड'मधल्या बक नावाच्या कुत्र्यामुळे माहीत असते. मलाही तेवढेच माहीत होते. पण बायकोबरोबर लहानशा जहाजातून पॅसिफिक महासागरात गेलेला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलेला जॅक लंडन मला तिथे पहिल्यांदा भेटला. बरा झाल्यावर त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यातले जे मनात राहिले ते मराठी पानासाठी लिहीत आहे.

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. घरात पैशांची कायम ओढाताण. आई आजारी होती, म्हणून व्हर्जिनिया प्रेंटिस नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईंनी त्याला सांभाळले. या बाईंनी स्वतः गुलामगिरी भोगलेली होती. जॅकने त्यांना शेवटपर्यंत आईसारखे मानले. 'लंडन' हे आडनाव त्याला सावत्र वडिलांकडून मिळाले. पुढे हे कुटुंब खाडीपलीकडच्या ओकलंड शहरात राहायला गेले. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात इना कूलब्रिथ या कवयित्री ग्रंथपाल होत्या. त्यांनी या मुलाला वाचनाची वाट दाखवली. म्हणजे त्यालाही एक ग्रंथालयाच्या मॅडम होत्या!

आठवी झाल्यावर त्याची शाळा सुटली आणि तो डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसाला दहा तास, कधी त्याहूनही जास्त, आणि मजुरी तासाला दहा सेंट. साधारण पंधराव्या वर्षी त्याने प्रेंटिसबाईंकडून तीनशे डॉलर उसने घेतले आणि एक छोटी शिडाची होडी विकत घेतली. त्या होडीचा उपयोग मात्र त्याने रात्री दुसऱ्यांच्या शेतातले कालव चोरायला केला. खाडीत कालवांची शेती असते, तिथून. पुढे तोच मुलगा चोरटी मासेमारी पकडणाऱ्या सरकारी गस्तीत भरती झाला. हे वाचून मी हसलो. पण रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यात, एकट्याने शीड सांभाळणे तो या दोन उद्योगांतच शिकला.

१८९३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो सील मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि जपानच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. तिथे त्यांना टायफून वादळ लागले. घरी आल्यावर एका वर्तमानपत्राच्या स्पर्धेसाठी त्याने त्या वादळावर लेख लिहिला. पहिले बक्षीस मिळाले, पंचवीस डॉलर. कॉलेजातली मुलेही त्या स्पर्धेत होती.

त्यानंतरही वाट सरळ नव्हती. मालगाड्यांवर चढून तो देशभर भटकला आणि भटकेपणाच्या गुन्ह्याखाली तीस दिवस तुरुंगात राहिला. तिथून आल्यावर, एकोणिसाव्या वर्षी, तो आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर पुन्हा हायस्कूलमध्ये बसला. विद्यापीठात प्रवेश मिळवला, पण पैशांअभावी एका सत्रातच सोडावे लागले. १८९७ मध्ये तो सोने शोधायला कॅनडातल्या क्लोंडाइक भागात गेला. सोने मिळाले नाही. ताज्या भाज्यांअभावी स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, दात हलू लागले आणि त्याला परत यावे लागले. तिथून आणलेल्या गोष्टींनी मात्र त्याचे नशीब बदलले. १९०३ मध्ये 'द कॉल ऑफ द वाइल्ड' प्रसिद्ध झाले आणि सत्तावीस वर्षांचा जॅक लंडन जगभर माहीत झाला. पुढच्याच वर्षी तो रशिया-जपान युद्धाच्या बातम्या पाठवायला कोरियात गेला.

१९०५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे दुसरे लग्न झाले. चार्मियन किट्रेज त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. ती टंकलेखन करून स्वतःचे पोट भरणारी, घोड्यावर पुरुषांसारखी मांड टाकून बसणारी आणि जॅकबरोबर बॉक्सिंगचे हातमोजे घालून उभी राहणारी बाई होती. त्याच उन्हाळ्यात जॅकच्या मनात एक बेत आला होता. जोशुआ स्लोकम नावाच्या दर्यावर्दीने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. जॅकने त्याचे पुस्तक वाचले आणि ठरवले की आपणही स्वतःचे जहाज बांधून जग फिरायचे. त्याचा अंदाज सात वर्षांचा होता. नंतर कधीतरी जाऊ, असे तो म्हणत होता. लगेच निघण्याचा आग्रह चार्मियनने धरला.

जहाजाचे नाव ठेवले 'स्नार्क'. लुइस कॅरोलच्या एका विनोदी कवितेत या नावाचा एक काल्पनिक प्राणी आहे. जहाज दोन डोलकाठ्यांचे होते. पाण्याच्या रेषेवर त्याची लांबी ४५ फूट होती आणि रुंदी १५ फूट. आमची डॉर्मिटरी याहून लांब आहे! खर्चाचा अंदाज होता सात हजार डॉलर. पण ज्या दिवशी जहाजाचा लोखंडी कणा ओतायचा होता त्याच दिवशी पहाटे, १८ एप्रिल १९०६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला प्रचंड भूकंप झाला. शहर जळाले. कामगार मिळेनात, सामान मिळेना, भाव चढले. शेवटी खर्च तीस हजार डॉलरवर गेला. उत्तम लाकूड म्हणून घेतलेले लाकूड साधे निघाले. पाणी आत शिरणार नाही असे सांगितलेले कप्पे गळके निघाले. इंजिन बसवले त्याचा पाया तुटला. लोक हसत होते, वर्तमानपत्रेही हसत होती.

तरी २३ एप्रिल १९०७ रोजी 'स्नार्क' ओकलंडहून निघाले. जहाजावर सहा माणसे. जॅक आणि चार्मियन, कप्तान म्हणून चार्मियनच्या मावशीचे पती, एक विद्यार्थी इंजिनिअर म्हणून, एक जपानी नोकर आणि स्वयंपाकी म्हणून मार्टिन जॉन्सन नावाचा कॅन्ससचा तरुण. या मार्टिनला स्वयंपाक येत नव्हता, पण पत्र लिहून त्याने ती जागा मिळवली होती. तेवढे चालले असते. जास्त गंभीर गोष्ट निघाल्यावर कळली. ज्यांच्यावर जहाजाचा मार्ग काढण्याची जबाबदारी होती त्या कप्तानांनाच खुल्या समुद्रात जहाज कुठे आहे हे काढता येत नव्हते.

मग जॅक स्वतः पुस्तक उघडून बसला. आम्ही एनसीसीच्या तासाला नकाशा आणि होकायंत्र शिकतो, म्हणून हा भाग मी दोनदा वाचला. जमिनीवर टेकडी, देऊळ, पूल अशा खुणा असतात. समुद्रात काहीच नसते. सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजायची, त्यावरून अक्षांश काढायचा. रेखांशासाठी अचूक घड्याळ लागते, त्याला क्रोनोमीटर म्हणतात. ते चार सेकंदांनी चुकले तर विषुववृत्तावर जहाज नकाशात एक सागरी मैल सरकते. आणि अंधारात एका मैलावर प्रवाळाचा खडक असू शकतो. जॅक हे सगळे चालत्या, डुलत्या जहाजावर शिकला. सत्तावीस दिवसांनी हवाई बेटे समोर दिसली. तिथे पोहोचल्यावर त्यांना समजले की जहाज सर्वांसह बुडाल्याची बातमी आधीच पसरली होती. हवाईतून कप्तान परत गेले. इंजिनिअर आणि जपानी नोकरही उतरले. मार्टिन राहिला.

हवाईत जॅक लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायला शिकला आणि पहिल्याच दिवशी उन्हाने इतका भाजला की त्याला अंथरुणात पडून राहावे लागले. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत होती. लोक तिच्या नावानेही घाबरत. हे दोघे तिथे आठवडाभर राहिले, रुग्णांचे खेळ आणि शर्यती पाहिल्या, आणि तिथे माणसेच राहतात, भुते नाहीत, असे जॅकने लिहून जगाला कळवले.

खरी परीक्षा पुढे होती. ७ ऑक्टोबर १९०७ रोजी 'स्नार्क' हवाईच्या हिलो बंदरातून मार्केसस बेटांकडे निघाले. शिडाच्या जहाजासाठी ही वाट फार अवघड मानली जात होती, कारण वारे आणि प्रवाह जहाजाला सतत पश्चिमेकडे ढकलतात आणि जायचे असते पूर्वेकडे. साठ दिवस त्यांना एकही जहाज दिसले नाही. मध्येच एका वादळात पाण्याच्या टाकीचा नळ उघडा राहिला आणि अर्धे पिण्याचे पाणी वाहून गेले. उरलेले कुलपात ठेवून प्रत्येकाला दिवसाला साधारण एक लिटर वाटून दिले जाऊ लागले. मालकालाही तेवढेच, नोकरालाही तेवढेच. शेवटी पाऊस आला आणि शिडांवरून वाहणारे पाणी धरून टाक्या भरल्या. ६ डिसेंबरला ते नुकू हिवा बेटाच्या बंदरात पोहोचले.

या सगळ्यात चार्मियन प्रवासी म्हणून बसून नव्हती. तिची सुकाणूवरची पाळी ठरलेली होती. रात्रीच्या काळोखात ती एकटी जहाज हाकत असे. दिवसा जॅक रोज एक हजार शब्द लिहीत असे, मग समुद्र शांत असो की खवळलेला, कारण जहाजाचा खर्च त्या लेखनावर चालत होता. ते सगळे ती टंकलिखित करी. शिवाय स्वतःची रोजनिशी ठेवी. 'मार्टिन इडन' ही त्याची मोठी कादंबरी याच प्रवासात लिहून झाली.

नुकू हिवात जॅकला टायपी खोरे पाहायचे होते. हर्मन मेलव्हिल या लेखकाने त्या खोऱ्यातल्या धडधाकट लोकांबद्दल लिहिलेले जॅकने लहानपणी वाचले होते. प्रत्यक्षात तिथे रान माजले होते आणि बाहेरच्या लोकांनी आणलेल्या रोगांतून वाचलेली थोडी माणसे खोकत जगत होती. तिथून ताहिती, मग ताहा. ताहा बेटावरचा तेहेई नावाचा गृहस्थ आणि त्याची बायको यांनी या दोघांना घरी नेले, आपली जागा झोपायला दिली, जे होते ते पुढे ठेवले. पुढे तेहेई 'स्नार्क'वर खलाशी म्हणूनही आला. बोरा बोराला शेकडो माणसांनी होड्यांतून दगड आपटत मासे किनाऱ्याकडे हाकलले. घेर आवळून पाहतात तो आत मासाच नाही! समोआत दोघे डोंगर चढून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या समाधीवर गेले. तोही पत्नीबरोबर याच समुद्रात फिरून समोआत स्थायिक झाला होता आणि तिथेच १८९४ मध्ये वारला. फिजीत जॅकने नव्या कप्तानालाही काढले आणि तेव्हापासून स्वतःच कप्तान झाला. फिजीहून निघाल्यावर फुटुना बेट त्याच्या गणिताप्रमाणे समोर उगवले तेव्हा त्याला किती बरे वाटले असेल, हे कंपास मार्चमध्ये शेवटचा पॉइंट सापडलेल्या कोणालाही कळेल.

एक गोष्ट मला खटकली, ती लपवत नाही. बेटांवरच्या लोकांविषयी, विशेषतः सॉलोमन बेटांवरच्या लोकांविषयी लिहिताना जॅक पुष्कळदा गोऱ्या साहेबासारखा बोलतो. तेहेईच्या घरी जेवलेला माणूस असे कसे लिहितो, हे मला समजले नाही. सॉलोमनमध्ये हे दोघे 'मिनोटा' नावाच्या जहाजावर गेले. ते जहाज मळ्यांवर काम करायला बेटावरचे मजूर गोळा करून नेत असे. कठड्याला काटेरी तार, सगळ्यांकडे बंदुका. मलैता बेटाजवळ ते खडकावर चढले आणि फार खटपटीनंतर सुटले. आपल्या देशातूनही असेच मजूर फिजीच्या उसाच्या मळ्यांवर नेले जात होते, म्हणून ती काटेरी तार माझ्या लक्षात राहिली.

सॉलोमन बेटांनी 'स्नार्क'ला हरवले. वादळाने नव्हे, आजाराने. मलेरिया सगळ्यांना झाला. साधे खरचटले तरी त्याची जखम चिघळे. जॅक औषधांची पेटी घेऊन सगळ्यांचा डॉक्टर झाला होता. ज्याने नुकू हिवात हौसेने लोकांचे दात उपटले होते, त्याच्या स्वतःच्या हातांना आता विचित्र रोग झाला. हात सुजून मोठे झाले, कातडीचे थरामागून थर निघू लागले. दोर धरवेना. तोल जाऊ नये म्हणून चालतानाही आधार लागे. १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये जहाज तिथेच ठेवून दोघे आगबोटीने ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले. शस्त्रक्रिया झाली, पाच आठवडे रुग्णालयात काढले. हातांचा रोग डॉक्टरांना ओळखता आला नाही. आणि जॅकने निर्णय घेतला. सफर संपली. मार्टिनने जाऊन 'स्नार्क' सिडनीला आणले आणि तीस हजारांचे जहाज त्याच्या छोट्याशा हिश्शाला विकले गेले. सात वर्षांचा बेत दोन वर्षांच्या आत मोडला. १९०९ च्या जुलैत दोघे घरी पोहोचले. कॅलिफोर्नियाच्या हवेत हात बरे झाले. नंतर त्याने अमेरिकी लष्करातल्या एका डॉक्टरचे उष्ण प्रदेशातल्या उन्हाच्या परिणामांवरचे पुस्तक वाचले आणि आपल्याला काय झाले होते याचे उत्तर त्याला त्यात सापडले.

जे लोक निघताना हसले होते ते आता पुन्हा हसणार हे त्याला माहीत होते. तरीही १९११ मध्ये त्याने ते पुस्तक छापले आणि त्यात फसलेला हिशोब, गळके कप्ते झालेले कप्पे, सोललेले हात, सगळे लिहिले. काही लपवले नाही. चार्मियनची रोजनिशी १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मार्टिन जॉन्सन पुढे पत्नी ओसा हिच्याबरोबर पॅसिफिक बेटांवर आणि आफ्रिकेत चित्रपट काढून प्रसिद्ध झाला. म्हणजे सफर मोडली तरी सगळेच वाया गेले नाही.

पण जॅक हा धडा पुढे विसरला असे मला वाटते. मूत्रपिंडे बिघडली होती, दारू आणि चुकीचे खाणे सुटत नव्हते, कामही थांबत नव्हते. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी तो आपल्या शेतावर वारला. वय अवघे चाळीस. त्याची रक्षा टेकडीवर एका मोठ्या दगडाखाली ठेवली आहे. चार्मियन त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे जगली. १९५५ मध्ये ती गेल्यावर तिची रक्षाही त्याच दगडाखाली ठेवली.

आता एमआय रूमचे कारण. तीन दिवसांच्या ट्रेकवर मी नऊ जणांच्या सेक्शनचा लीडर होतो. पहिल्याच दिवशी टाचेचा फोड फुटला. रात्री कणकण आली. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये मी सरांना सगळे ठीक असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी ताप वाढला, तरी तेच सांगितले. माझी समजूत अशी होती की परत फिरतो तो हरतो, आणि लीडरने तर फिरूच नये. तिसऱ्या दिवशी दुपारी चढावर मी खाली बसलो तो उठलोच नाही. दोन ज्युनिअर मुलांनी माझी रकसॅक वाटून घेतली, दोघांनी मला धरले. आमचा सेक्शन अंधार पडल्यावर कॅम्पला पोहोचला. सर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. घरी फोनवर आई-बाबांनाही मी फक्त ताप आला होता एवढेच सांगितले. हा लेख वाचून त्यांना बाकीचे कळेल.

पुस्तक वाचताना मला वाटत होते की मी जॅकसारखा आहे. नंतर लक्षात आले की मी त्या पहिल्या कप्तानासारखा होतो, ज्यांनी आपल्याला काय येत नाही ते सांगितलेच नाही. जॅकने आपली अवस्था पाहिली, बरोबरच्या माणसांची अवस्था पाहिली, आणि जहाज सोडले. ज्या माणसाने साठ दिवस उलट्या वाऱ्याशी झुंज दिली तो घाबरून परत फिरला असे कोणी म्हणणार नाही.

त्या दोन ज्युनिअर मुलांची मी माफी मागितली आहे. पुढच्या ट्रेकला सेक्शन मला मिळेल की नाही, ते सर ठरवतील. मिळाला तर संध्याकाळचा रिपोर्ट देण्याआधी मी सगळ्यांचे पाय तपासणार आहे, आणि सुरुवात माझ्या पायांपासून करणार आहे.